समुपदेशन कक्षाची किल्ली माझ्याकडे आलीय. आता काय करू?

खडूधूळ | १५ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:२०

मंडळी, गेली दोन-तीन वर्षं वाचनमात्र आहे. आज धागा काढतेय कारण खरंच अडलंय.

मी तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. लातूर आमच्यापासून एसटीने दीड तास, म्हणजे तिथलं वारं आमच्याकडेही येतंच. बारावी सायन्सच्या दोन तुकड्या, एकेकीत ८० पोरं, त्यातल्या एकीची मी वर्गशिक्षिका. ऑगस्टमध्ये प्राचार्यांनी बोलावून हातात किल्ली ठेवली. "मॅडम, पोरं तुमच्याशी बोलतात. समुपदेशनाचं तुम्हीच बघा."

हे अचानक का, तर २५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. त्यात न्यायालयाने देशभरासाठी १५ निर्देश दिले. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, हा त्यातला एक. 'पात्र' हा शब्द आमच्या संस्थेने वाचलाच नाही. माझं शिक्षण एमएस्सी, बीएड. समुपदेशनाचं म्हणाल तर तीन तासांचं एक ऑनलाइन प्रशिक्षण, त्यातला एक तास रेंज गेलेली.

खोली म्हणजे जुनी क्रीडासाहित्याची. कोपऱ्यात अजून भाल्यांची मोळी उभी आहे. दार बरोब्बर ऑफिससमोर, त्यामुळे फीच्या रांगेतला प्रत्येक जण आत कोण गेलं ते बघतो. दारावर फ्लेक्स: 'समुपदेशन कक्ष – मन मोकळे करा'. पोरांनी पहिल्याच आठवड्यात तिचं 'मेंटल रूम' करून टाकलं.

शिवाय एक रजिस्टर. रकाने असे: अ. क्र., नाव, तुकडी, समस्या, दिलेला सल्ला, विद्यार्थ्याची सही. तपासणीला कुणी आलं तर दाखवायला. तीन महिन्यांत ११ नोंदी झाल्या. त्यातल्या ९ जणांची समस्या 'अभ्यासात एकाग्रता होत नाही'. त्या नवांनाही कुठल्या ना कुठल्या सरांनी बखोट धरून पाठवलेलं, आणि 'एकाग्रता' हा शब्दही सरांचाच.

उलट प्रॅक्टिकलला काय होतं बघा (तपशील बदललेत). परवा परागकणांची स्लाइड बघता बघता एक मुलगी सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणाली, "मॅडम, मला डॉक्टर नाही व्हायचंय."
मी म्हटलं, "बरं. आधी फोकस कर, नळी दिसतेय का?"
"दिसतेय." मग थोड्या वेळाने, "मला ॲग्री करायचंय. घरी बोलले तर आई जेवायची नाही."
क्लासचा दुसरा हप्ता डिसेंबरात आहे. तो भरायच्या आत घरी बोललं पाहिजे, हे गणित तिचं तिनेच मांडलेलं. आता हे मी 'समस्या' रकान्यात लिहू? आणि खाली सही घेऊ?

तर विचारायचंय ते हे: रजिस्टरचं काय करू, आईवडिलांना किती सांगायचं, आणि माझ्या आवाक्याबाहेरचं काही आलं तर ते ओळखू कसं? 'प्रेमाने वागा' छाप सल्ले कृपया नकोत, ते फ्लेक्सवर आहेत.

जुनाजाणता | १५ नोव्हेंबर, रात्री ११:०२

आमच्या वेळी समुपदेशक म्हणजे निरगुडीची ओली काठी. सगळे सरळ झालो. हल्ली पोरांना खरचटलं की कक्ष लागतो. आम्ही नाही का जगलो?

मेथांबा | १५ नोव्हेंबर, रात्री ११:१५

@जुनाजाणता, जे जगले ते प्रतिसाद देतायत. माझ्या दहावीच्या वर्गातला एक जण नाहीये द्यायला. निरगुडी त्यालाही मिळाली होती.

जुनाजाणता | १५ नोव्हेंबर, रात्री ११:४०

वाईट वाटलं वाचून. काठीचं मागे घेतो. वाचतोय.

खोली_नंबर_अकरा | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

मॅडम, मी त्या दीड तासाच्या पलीकडचा. दोन वर्षं लातूरला काढली, आता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नीट दोनदा दिली. कॉलेजात नाव होतं पण जायचो फक्त प्रॅक्टिकलला, बाकी दिवस क्लासमध्ये. म्हणजे वर्गशिक्षक कोण हे मला निकालपत्र घेताना कळलं. तुमच्या पोरांना तुम्ही नावाने ओळखता हेच खूप आहे, खोटं नाही बोलत.

आमचं कसं होतं सांगतो. रविवारी टेस्ट. १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबरला चार, चुकलं तर वजा एक. संध्याकाळी रँकची पीडीएफ पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आमच्याकडे साधे फोन, म्हणजे मला माझा रँक वडलांच्या आवाजावरून कळायचा. त्यांनी "हॅलो" न म्हणता "हं" म्हटलं की समजायचं ३०० च्या खाली. मग दर दोन महिन्यांनी बॅच बदलायची. वरच्या बॅचमधून खाली आलं की मेसमध्ये जुन्या मित्रांच्या टेबलवर बसायची लाज वाटते. ही गोष्ट मी अजून घरी सांगितलेली नाही.

मला कुणी वाचवलं असेल तर मेसच्या काकूंनी. त्या काही विचारायच्या नाहीत. मी दोन दिवस जेवायला गेलो नाही तर तिसऱ्या दिवशी मुलाच्या हाती डबा खोलीवर. वर चिठ्ठी: 'भांडं परत आणून दे.' भांडं द्यायला जावंच लागायचं. गेलं की पोळ्या लाटता लाटता त्या बोलायच्या. मी ऐकायचो, कधी बोलायचो. समुपदेशक क्लासमध्येही होते, नाही असं नाही. पण त्यांची केबिन डायरेक्टर सरांच्या केबिनच्या आत होती.

गोदाकाठ | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

वरच्या प्रतिसादातलं भांडं काळजाला लागलं.

मी समाजकल्याणच्या मुलांच्या वसतिगृहावर गृहपाल होतो, २२ वर्षं. मानसशास्त्र शिकलो नाही. पण पंगतीत ताटं बघायला शिकलो. पोरगं जेवत नाही हे त्याच्या तोंडावर कळत नाही, ताटात कळतं. आधी भाकरी कमी होते, मग ते उशिरा यायला लागतं म्हणजे शेजारी कुणी बसू नये. रात्रीची हजेरी मी व्हरांड्यात उभा राहून नावं पुकारून कधी घेतली नाही. खोलीखोलीत जायचो. दहा सेकंद जास्त लागतात, पण कोण पांघरूण डोक्यावरून घेऊन आठ वाजताच झोपलंय ते दिसतं.

सगळ्यात वाईट वेळ दिवाळीची सुट्टी संपून पोरं परत येतात तेव्हाची. घरचं बघून आलेली असतात. सोयाबीनचं काय झालं, बहिणीचं काय ठरलं, बाप कुणाकडे उसने मागतोय. त्या आठवड्यात मी शिक्षकांना सांगायचो, चाचणी नका घेऊ. कुणी ऐकायचं, कुणी नाही.

आणि एक. एखादं पोरगं बरेच दिवस उदास असतं आणि एकदम आपल्या वस्तू वाटायला लागतं, वह्या याला, घड्याळ त्याला, तर 'चला, मोठं मन झालं' म्हणून सोडू नका. त्याच दिवशी जवळ बसा, आणि रात्री एकटं ठेवू नका.

बांधावरची_बाभूळ | १६ नोव्हेंबर, दुपारी १:१०

सगळे शिक्षकांच्या आणि पोरांच्या बाजूने बोलतायत, एक पालक म्हणून लिहितो. राग मानू नका मॅडम. माझी मुलगी अकरावीला आहे. तिने तुम्हाला असं काही सांगितलं आणि तुम्ही माझ्यापासून लपवलंत, तर मला ती फसवणूक वाटेल. हप्ता मी भरतोय. कापूस विकून भरतोय. मग मला शेवटी कळणार?

मनगटी_घड्याळ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४५

मी समुपदेशक आहे. शाळांमध्ये १४ वर्षं, आधी मुंबईत, आता नाशकात. लांबलचक लिहिणार आहे, आधीच माफी.

बाभूळराव, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. गुप्तता म्हणजे आईबापांविरुद्ध कट नव्हे. मी प्रत्येक मुलाला पहिल्या पाच मिनिटांत सांगते: "इथलं इथेच राहील, दोन गोष्टी सोडून. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर, आणि तुझ्यावर कुणी अत्याचार करत असेल तर. तेव्हा मी आणखी कुणाला तरी सांगणार, पण कुणाला आणि काय सांगणार ते आधी तुला सांगेन." दुसऱ्या बाबतीत तर मला निवडच नाही. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, आणि ते फक्त समुपदेशकाला नाही, ज्याला कळेल त्या प्रत्येकाला. खडूधूळ, तुम्हालाही. म्हणून 'कुणाला नाही सांगणार' असं वचन कधीही देऊ नका. मूल म्हणतंच, "आधी शपथ घ्या." घ्यायची नाही.

बाकीचं, म्हणजे ॲग्री का डॉक्टर, कोण आवडतं, बापाचं पिणं, हे सांगायचं की नाही ते मूल ठरवतं. आपलं काम त्याला सांगायला बळ देणं. तुमच्या त्या मुलीचंच घ्या. तुम्ही आईला फोन केलात तर आईला दोन धक्के बसतील: मुलीला डॉक्टर व्हायचं नाही, आणि ते आपल्याआधी मॅडमना माहीत. दुसरा धक्का मोठा असतो. त्यापेक्षा मुलीला विचारा, घरात आधी कुणाशी बोलणं सोपं, काका, आजी, थोरला भाऊ? वाक्य काय असेल? तालीम करून घ्या. मी आई होते, तू बोल. दोनदा चुकते, तिसऱ्यांदा जमतं. हवं तर आईला कॉलेजात बोलवा, पण बोलेल मुलगी. तुम्ही नुसत्या बसा.

आता आवाक्याबाहेरचं कसं ओळखायचं. बदल बघा, आणि तो किती दिवस टिकलाय ते बघा. दोन आठवडे झोप उडालीय किंवा नुसतीच झोप आहे, जेवण सुटलंय, आधी आवडणारं काहीच नको झालंय, 'माझ्यामुळेच सगळं' असं बोलणं, फुल शर्टाच्या बाह्या उन्हाळ्यातही खाली. आणि शंका आली तर थेट विचारा: "मरून जावं असं मनात येतं का?" हा प्रश्न विचारताना माझाही आवाज पहिल्यांदा कापला होता. विचारल्याने डोक्यात कल्पना घुसते हा गैरसमज आहे, उलट बहुतेकांना हायसं वाटतं की कुणीतरी तो शब्द उच्चारला. उत्तर 'हो' आलं तर त्या मुलाला एकटं सोडायचं नाही, आणि तुम्हीही एकट्या राहायचं नाही. प्राचार्य, पालक, आणि त्याच दिवशी डॉक्टर. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथे न्यायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. मूल १८ च्या आतलं असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइनसुद्धा आहे. हे नंबर फ्लेक्सवर टाकू नका. स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. तिथे उतरवून घेताना कुणी बघत नाही.

रजिस्टर: बंद. ताबडतोब. तपासणीला काय दाखवायचं, तर महिन्याला किती जण आले तो आकडा, नावाशिवाय. तुमच्या स्वतःच्या टिपणाची वही वेगळी, कुलुपात, नावाऐवजी खूण. सही तर कदापि नको. आपली अडचण लिहून खाली सही म्हणजे कबुलीजबाब झाला.

तिरफळ | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

गोव्याहून. आमच्याकडे शिक्षण विकास महामंडळातर्फे शाळांना समुपदेशक मिळतात, पण एकाकडे एकापेक्षा जास्त शाळा, त्यामुळे 'आज बाई आल्यात का?' असं पोरं शिपायाला विचारतात.

लिहायचं होतं वेगळंच. इथल्या 'संगत' या संस्थेने (१९९६ पासून काम करते) बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७० हून जास्त सरकारी शाळांमध्ये नववीच्या मुलांसाठी मानसिक आरोग्याचा एक प्रयोग केला होता, २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काही शाळांत तेच काम प्रशिक्षण दिलेल्या बाहेरच्या माणसाने केलं, पदवीधारी मानसशास्त्रज्ञ नव्हे, साधा माणूस, त्याला 'सेहर मित्र' म्हणायचे. काही शाळांत तिथल्याच शिक्षकाने केलं. कार्यक्रम एकच. मित्र होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकाने केलं तिथे काहीच फरक नाही.

खडूधूळ, तुम्हाला नाउमेद करायला हे लिहीत नाही. पण माझा अंदाज असा की मार्क देणारा हात आणि पाठीवर ठेवायचा हात एकच असेल तर पोर बिचकतंच. तुमच्या हातात प्रॅक्टिकलचे मार्क आहेत ना?

खडूधूळ | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

आहेत. ३० मार्क. वर्मावर बोट ठेवलंत. चहा तसाच राहिला.

शाईची_दौत | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:२५

इंग्लंडमधून, मुलगा इथे माध्यमिक शाळेत. इथे रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं 'फॉर्म टाइम' असतो. त्या शिक्षकाचं काम विषय शिकवणं नाही, पोरं बघणं. वर इयत्तेचा एक प्रमुख. आणि प्रत्येक शाळेत सुरक्षिततेची जबाबदारी असलेली एक ठरलेली व्यक्ती, तिचं नाव आणि फोटो भिंतीवर. मी इथल्या शाळेत मदतनीस म्हणून लागले तेव्हा पहिल्याच दिवशी जे शिकवलं ते वर घड्याळताईंनी लिहिलंय तेच: कुणाला सांगणार नाही असं वचन मुलाला देऊ नका.

पण इथे स्वर्ग आहे असं कुणाला वाटायला नको. शाळेने पुढे मानसोपचाराच्या सरकारी सेवेकडे पाठवलं की रांग. मैत्रिणीची मुलगी त्या रांगेत उभी राहून शाळाच संपवून बाहेर पडली.

वकिली_पेन | १७ नोव्हेंबर, रात्री १०:३०

हप्त्याचं कुणी बोललं नाही म्हणून. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या कोचिंगबाबतच्या मार्गदर्शक सूचनांत आहे: पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मधेच सोडत असेल तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात १० दिवसांत परत. होस्टेल आणि मेसचंही तसंच. १६ वर्षांच्या आत प्रवेश नको आणि दिवसाला ५ तासांहून जास्त वर्ग नकोत, हेही त्यातच. सूचना आहेत, कायदा नव्हे, त्यामुळे क्लासवाले 'आमच्या पावतीच्या मागे वाचा' म्हणतात. पण अर्ज लेखी द्या, पोच घ्या, त्यात या सूचनांचा उल्लेख करा. मी तीनदा लिहून दिलाय असा अर्ज, दोनदा पैसे आले.

जुलैच्या निकालात हेही आहे की गुणांवरून बॅचेस वेगळ्या करू नयेत आणि चारचौघांत अपमान करू नये. नंबर_अकरा, तुमची पीडीएफ त्यातच बसते.

अवांतर: बीएस्सी ॲग्रीला नीट लागतच नाही, राज्याची सीईटी लागते. तिला माहीत असेलच, पण आईला माहीत आहे का बघा. बऱ्याच घरांत 'बायोलॉजी म्हणजे नीट' एवढंच गणित असतं.

बांधावरची_बाभूळ | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

घड्याळताई, दोनदा वाचलं. 'दुसरा धक्का मोठा' हे खरं आहे. काल रात्री लेकीला विचारलं, तुला कॉलेजात कुणाशी बोलावंसं वाटतं का? ती म्हणाली, लायब्ररीतल्या दादांशी. मला त्या दादाचं नावही माहीत नव्हतं. आज जाऊन भेटून येतो, नुसतं रामराम करायला.

मेथांबा | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

निकालाच्या दिवसाचंही कुणीतरी बोला. बारावीचा निकाल मे महिन्यात, दुपारी एकला, ऑनलाइन. कॉलेजला सुट्टी, शिक्षक गावाला. २०२५ ला तर ४ मे ला नीट झाली आणि ५ ला बोर्डाचा निकाल. माझी भाची नीटच्या पेपरचं रडून उठते न उठते तोच दुसरं ताट वाढलं. वर्षभर कक्ष उघडा आणि नेमक्या त्या दुपारी कुलूप, याला काय अर्थ? त्या दिवशी दुपारी बारा ते सहा कुणीतरी एक जण फोनपाशी बसा. पुरवणी परीक्षा असते, दोन महिन्यांत पुन्हा बसता येतं, एवढं सांगणारा एक माणूस लागतो हो. शेजारचे पेढे मागायला आलेले असतात तेव्हा ते आईबापांना सुचत नाही.

गोदाकाठ | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:००

+१. मी निकालाच्या दिवशी वसतिगृहावरच थांबायचो. सुट्टी असायची, तरी. फोन यायचे. पास झालेल्यांचे येतात, ते सोपे. ज्यांचा येत नाही त्यांना आपण करायचा.

खडूधूळ | ७ डिसेंबर २०२५, रात्री ९:१५

उशीर झाला, सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. काय काय झालं ते लिहिते.

फ्लेक्स काढला. प्राचार्य आधी 'निकालात म्हटलंय' म्हणत होते. मी त्यांना निकालातलाच मुद्दा दाखवला की शिक्षक आणि शिक्षकेतर सगळ्यांचं वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं, तेही प्रमाणित तज्ज्ञांकडून. म्हटलं, फ्लेक्स ठेवू, पण मग हेही करू. त्यांनी जिल्हा रुग्णालयाला पत्र दिलंय. तिथल्या मानसशास्त्रज्ञ महिन्यातून एका शनिवारी यायला तयार आहेत. मार्क त्यांच्या हातात नाहीत हे मी पोरांना वर्गात आवर्जून सांगितलं. शिपाईमामांनाही प्रशिक्षणात बसवायचंय. गोदाकाठ, तुमचं ताटाचं वाचून सुचलं. आमच्याकडे ताटं नाहीत, पण मधल्या सुट्टीत सायकल स्टँडवर कोण एकटं बसतं ते मामांना नेमकं ठाऊक असतं.

खोलीत परत भाले गेले. मी गुरुवारी शेवटचे दोन तास लायब्ररीच्या मागच्या टेबलावर जर्नल तपासत बसते. जर्नलवर सही घ्यायला यायचंच असतं, म्हणजे कोण कशाला आलं ते कळत नाही. नंबर अकरा, हे तुमच्या काकूंच्या भांड्यावरून उचललंय. तीन गुरुवारांत सात जण सही झाल्यावरही थांबले. एकाला तर त्याच दिवशी जिल्ह्याला घेऊन गेलो, मी, त्याचे वडील आणि प्राचार्यांची गाडी. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. औषधं सुरू आहेत, कॉलेजला येतोय. मी तो प्रश्न विचारला होता. घड्याळताई, माझाही आवाज कापला.

आणि ती मुलगी. तालीम केली, आई मी झाले होते. पहिल्या खेपेला ती मला 'अहो आई' म्हणाली आणि आम्ही दोघी हसत सुटलो. मग तिने आधी मामाला सांगितलं, मामाने आईला कॉलेजात आणलं. आई ऐकून घेतल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शेतीच करायची होती तर एवढं शिकवलं कशाला?" पोरगी म्हणाली, "शेतीच नाही गं, बियाण्यांचं." सीईटीचा माहितीचा कागद त्या घडी करून पिशवीत घालून घेऊन गेल्या. हप्त्याची तारीख परवा होऊन गेली. भरलेला नाही, रद्दही केलेला नाही. वकिली_पेन, अर्जाचा मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठवाल का?

रजिस्टर कपाटात आहे. कोऱ्या पानांवर प्राचार्यांनी स्नेहसंमेलनाचा हिशोब लिहायला घेतलाय, मांडव आणि साउंड सिस्टिम 'समस्या' रकान्यात.